यादीतलं नववं नाव

आजाऱ्यांच्या यादीत काही बदल करायचा असेल, तर शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत सेक्रेटरी वाल्मीक सरांच्या घरी चिठ्ठी पोचली पाहिजे, हा चर्चच्या मंडळीचा जुना दंडक. ज्यानं नाव दिलं, काढायची चिठ्ठीही त्याच्याच हातची हवी. रविवारी उपासनेत सर कपाळावरचा चष्मा नाकावर आणून एकेक नाव वाचतात आणि प्रत्येक नावामागून सगळी मंडळी 'प्रभू, आमची प्रार्थना ऐक' म्हणते. नाव द्यायला लोक धावतपळत येतात. काढायला सहसा कुणी फिरकत नाही. बरं झालेलं माणूस आपल्या कामाला लागतं आणि विसरून जातं. गेलेल्याचं नाव सर आपणहून काढतात, कारण मातीला ते स्वतः हजर असतात.

सुवर्णाचं नाव त्या यादीत चार वर्षं होतं. नवव्या नंबरावर. देणारी होती तिची नणंद प्रतिभा, म्हणजे मेट्रन प्रतिभा आढाव, जिच्या पावलांच्या आवाजानं वॉर्डातल्या पोरी ऍप्रनची बटणं लावायला लागतात. आणि आज शनिवार होता, चार वाजून गेले होते, आणि सुवर्णा शरणपूरच्या घरात ओट्यापाशी आपल्या दोन पायांवर उभी राहून सहा माणसांचा चहा गाळत होती.

बाहेरच्या खोलीत बसलेल्या कुणाचंही बोलण्यात लक्ष नव्हतं. देवळाली कॅम्पहून रिक्षानं आलेल्या आक्काबाई आत्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या, त्यांना समोरचं माणूस धड दिसत नाही, पण त्याही मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे कान लावून बसल्या होत्या. त्यांचा मुलगा राज मोबाइल बघण्याचं नाटक करत होता. सुवर्णाचा नवरा, प्रतिभाचा धाकटा भाऊ रोहित, शाळेत गणित शिकवतो. तो मंगळवारपासून जमिनीला पाय न लावता हिंडत होता. स्टाफरूममध्ये पेढे वाटून झाले होते, मांडववाल्याशी बोलून झालं होतं. आणि सगळ्यांपासून लांब, दाराशी टेकून, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून बसली होती कुसाबाई. प्रतिभाच्याच वॉर्डातली आया. तिला खुर्ची दिली होती, पण मेट्रनबाईंच्या घरात ती खुर्चीवर बसणं शक्य नव्हतं.

सुवर्णा ट्रे घेऊन आली. खोलीतल्या पाचही जणांनी एकाच वेळी तिच्या पायांकडे पाहिलं.

"चहा वर आहे," ती म्हणाली.

आढावांचं घराणं साधं नाही, हे प्रतिभाला लहानपणापासून पाठ होतं. आजी बयाबाईनं घराण्यात पहिल्यांदा नर्सची पांढरी साडी नेसली, त्या काळात बायका घराबाहेर डोकंही काढत नव्हत्या. तिच्यानंतर तिची मुलगी आक्काबाई, तिच्यानंतर नात प्रतिभा. नाशकातल्या निम्म्या जुन्या घरांमधली बाळं पहिला टाहो फोडताना आढावांच्या बायकांच्या हातात होती, असं रोहित लग्नकार्यात सांगायचा आणि त्यात फार खोटं नव्हतं. हात स्वच्छ, इस्त्री कडक, प्रार्थना हळू आवाजात. रडायचं झालं तरी ताठ बसून. पत्र्याच्या शेडमध्ये लाउडस्पीकर लावून आजार पळवणाऱ्या सभा शहराच्या कडेकडेनं वाढत होत्या, त्यांच्याबद्दल या घरात कुणी वाईट बोलत नसे, नुसतं हसत.

चार वर्षांपूर्वी सुवर्णाला ताप आला. ताप उतरला तेव्हा कमरेखालचं अंग लुळं पडलं होतं. पाठीच्या कण्यात सूज आली आणि आतल्या दोरीवर डाग राहिला, असं डॉक्टरांनी सांगितलं. प्रतिभानं तेव्हापासून लग्न झालेल्या बाईनं संसार करावा तशी ही सेवा केली. स्वतः लग्न केलं नव्हतंच. पहाटे साडेपाचला उठून भावजयीला अंघोळ, कूस बदलणं, व्यायाम, मग ड्यूटी. चार वर्षांत पाठीला एक जखम होऊ दिली नाही, हे ती पाहुण्यांना सांगायची आणि पाहुण्यांना त्याची किंमत कळत नाही याचा तिला राग यायचा. पहिल्याच महिन्यात तिनं सुवर्णाला स्पष्ट सांगून टाकलं होतं, की चालणं विसर, आहे त्यात नीट जगायला शीक. खोटी आशा दाखवणं हा तिच्या लेखी गुन्हा होता. यादीत नाव तिनंच दिलं, पण तापाचा तक्ता भरावा तसं दिलं. भरायचा असतो म्हणून.

मालिशसाठी कुसाबाईलाही तिनंच लावलं होतं. ड्यूटी संपली की दिवसाआड दुपारी यायची, तेल चोळायची, तोंडानं काहीबाही पुटपुटत राहायची. सिन्नर फाट्याकडच्या एका शेडातल्या सभेला ती जाते हे प्रतिभाला ठाऊक होतं, पण हात चांगला होता, म्हणून तिकडे काणाडोळा केला होता.

मंगळवारी साडेचारला प्रतिभा घरी आली तर सुवर्णा बेसिनपाशी उभी राहून आपला कप विसळत होती. कुसाबाईचा पत्ता नव्हता. दारात तिच्या चपला मात्र होत्या. आणि चौतीस वर्षं नोकरी केलेल्या मेट्रनच्या तोंडून, देवाचं म्हणा की निसर्गाचं काम, ते डोळ्यांनी पाहिल्यावर पहिला शब्द निघाला तो असा: "बस खाली, पडशील."

सुवर्णा बसली नाही. तिनं कप पालथा घातला आणि मग हसायला लागली आणि मग रडायला लागली. प्रतिभा तिला धरायला धावली, खरी, पण त्या क्षणी तिला आनंद झाला नव्हता. तिला भीती वाटली होती. ही गोष्ट तिनं कुणालाही सांगितली नव्हती.

चहाचे कप रिकामे झाले आणि राजनं मुद्द्याला हात घातला. राज मंडळीच्या कमिटीवर तीन वेळा निवडून आलेला माणूस. घरात बोलतानाही समोर माइक आहे अशा बेतानं बोलायचा. त्याचं म्हणणं सरळ होतं. नाव इतक्यात काढू नये. काढलं की मंडळी विचारणार कसं बरं वाटलं, मग कुसाबाईचं नाव निघणार, मग शेडवाले येऊन चमत्काराची साक्ष मागणार, कुणीतरी मोबाइलवर चित्रण करणार, आणि आढावांची सून गावभर फिरणार. तीन पिढ्यांची अब्रू एका मालिशवालीच्या हाती द्यायची का, असं त्यानं विचारलं आणि मग कुसाबाई तिथेच बसली आहे हे लक्षात आल्यावर घसा खाकरला.

आत्यांनी मान डोलावली. प्रतिभाचं मत त्याच बाजूला आहे, हेही सगळ्यांना कळलं. रोहित एकटा पडला.

तो चिडून म्हणाला, की चार वर्षं ज्या देवाकडे मागितलं त्यानं दिलं, तर आता घ्यायला लाज कसली. उद्या नाव काढायचं, पुढच्या रविवारी घरी उपकारस्तुतीची भक्ती, म्हणजे देवाचे आभार मानायची प्रार्थना, मांडव घालून, सगळ्यांना जेवण. "आणि कुसाबाईंना पहिल्या रांगेत बसवणार मी," त्यानं जाहीर करून टाकलं.

कुसाबाई आणखीच दाराबाहेर सरकली.

राजनं मग तिच्याकडे मोर्चा वळवला. नेमकं काय केलं, कुठलं तेल होतं, शेडातल्या कुणी काही दिलं होतं का, कसली प्रार्थना म्हटली. कमिटीपुढे हिशेबनीस उभा करावा तसं त्यानं तिला उभं केलं. ती प्रत्येक प्रश्नाला आधी प्रतिभाकडे बघायची, मग उत्तर द्यायची.

"मी काय नाय केलं, दादा. रोजच्यावानी तेल चोळत व्हते. तोंडानं प्रार्थना चालू व्हती, ती बी रोजचीच. येशूबापा, ह्या लेकराचे पाय तुझेच हाय, एवढीच. मंग ताई म्हनल्या, कुसाबाई, फरशी गार लागती. आन् उठल्याच."

"मग तू पळून का गेलीस? चपला टाकून?"

"भ्या वाटलं ना, दादा. लय भ्या वाटलं." कुसाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "दोन वर्सं मागत व्हते त्याला. पर तो खरंच ऐकत आसंल, आसं कुठं वाटलं व्हतं."

प्रतिभाला ते वाक्य नको तिथे लागलं. या अंगठेबहाद्दर बाईनं निदान मागितलं होतं, भ्यायला तरी ती मोकळी होती. आपण चार वर्षं नाव दिलं आणि एकदाही मागितलं नाही. मागितलं असतं आणि मिळालं नसतं, तर ते सोसण्याची आपली तयारी नव्हती. हे सगळं तिच्या मनात एका दमात येऊन गेलं आणि तिला कुसाबाईचा राग आला, आणि रागाचीही लाज वाटली.

रोहितनं तेवढ्यात आपल्या बाजूचा मोठा पुरावा पुढे केला. गुरुवारी प्रतिभानं स्वतःच सुवर्णाला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं होतं. "ताई, सांग ना त्यांना डॉक्टर काय म्हणाले ते. का मीच सांगू?"

प्रतिभानं सांगितलं, वॉर्डात राउंडच्या वेळी सांगते तसंच, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. नवी फिल्म काढली. डाग जिथे होता तिथेच आहे, होता तेवढाच आहे. या फिल्मवरून पाहिलं तर हिनं उभं राहायला नको. पण ती दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत वीस पावलं चालली. डॉक्टर म्हणाले, कधीकधी असं होतं, का होतं ते मला सांगता येत नाही; चालवा, व्यायाम चालू ठेवा, महिन्यानं दाखवा.

राज पुढे सरकून बसला. त्याचा चेहरा बदलला होता. डॉक्टरच सांगता येत नाही म्हणतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. मग तर प्रश्नच वेगळा, तो म्हणाला. मग हे शेडचं कसं? चार वर्षं दर रविवारी नाव कुठे वाचलं गेलं? आपल्या चर्चमध्ये. प्रार्थना कुणी केली? आपल्या मंडळीनं. त्यानं तिथल्या तिथे बेत आखला: बिशपसाहेबांना बोलवायचं, खास उपासना ठेवायची, डॉक्टरांची फिल्म पडद्यावर दाखवायची, आणि सुवर्णानं पुढे उभं राहून साक्ष द्यायची. पाच मिनिटांपूर्वी जिच्या चित्रणाची त्याला धास्ती होती, तिचं चित्रण कुणाकडून करून घ्यायचं इथपर्यंत तो पोचला. कुसाबाईचं नाव त्यात कुठे नव्हतं.

"झुंबरनं दिली होती साक्ष," आक्काबाई म्हणाल्या.

झुंबर म्हणजे आत्यांचा पाठचा भाऊ, प्रतिभाचा काका. त्याची गोष्ट या घरात सगळ्यांना माहीत होती आणि कुणी काढत नसे. त्याला क्षय होता. इगतपुरीकडे एक मोठी प्रार्थना सभा झाली, तिथून तो बरा होऊन आला, वजन वाढलं, खोकला थांबला. यादीतून नाव काढलं, चर्चमध्ये साक्ष झाली, आणि त्यानं इंजेक्शनं बंद केली. सात महिन्यांत तो गेला. तेव्हापासून आढावांच्या घरात चमत्कार हा शब्द निघाला की कुणीतरी उठून पाणी आणायला जायचं.

"औषध सोडलं म्हणून गेला तो," रोहित म्हणाला. "सुवर्णाचं औषध कोण सोडतंय?"

"औषधाचं सगळ्यांना माहीत आहे," आत्या म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यापासून वरच्या पट्टीतला, वॉर्डात घडवलेला. तो आता खाली आला होता. "पुढचं कुणाला सांगितलं नाही मी. रक्त पडायला लागल्यावर तो मला म्हणाला, आक्का, माझं नाव परत दे ना चर्चमध्ये. रोज म्हणायचा. मी हो म्हणायचे. मी त्याच्या साक्षीच्या वेळी शेजारी उभी होते रे, नवी साडी नेसून. नर्स बाई स्वतः शेजारी उभी आहे म्हणून लोकांनी विश्वास ठेवला होता. आता कुठल्या तोंडानं चिठ्ठी घेऊन जाऊ? पाच शनिवार गेले. मी नाही गेले. शुक्रवारी तो गेला आणि चर्चची घंटा वाजवायला सांगितली तेव्हा पाळकसाहेबांना कळलं की झुंबर आजारी होता."

सुवर्णा आत्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि तिनं त्यांचा हात हातात घेतला. आत्यांनी तो सोडवून घेतला नाही, पण बोलणंही थांबवलं नाही. त्या म्हणाल्या, की देवानं बरं केलं नाही असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं आपल्या घराबद्दल आहे. "एकदा काढलेलं नाव परत नेऊन देण्याची छाती आपल्यात कुणाची नाही. म्हणून म्हणते, राहू दे यादीत. त्यानं कुणाचं काय जातंय?"

रोहितचा चेहरा उतरला होता. गणिताच्या माणसाला आतापर्यंत फक्त उत्तर दिसत होतं. ते पुसलंही जाऊ शकतं हे त्याच्या आता ध्यानात आलं. त्यानं बायकोच्या पायांकडे पाहिलं आणि मग चटकन नजर काढून घेतली. तो हळूच म्हणाला, की तीन महिने थांबलं तरी चालेल. मांडववाल्याला सांगता येईल. आणि ज्याला पटवायला तो निघाला होता त्या राजकडेच तो आधारासाठी बघू लागला, पण राज आता बिशपसाहेबांपर्यंत पोचला होता आणि मागे फिरायला तयार नव्हता. अर्ध्या तासात दोघांच्या बाजू अदलाबदल झाल्या होत्या.

"मला विचारणार आहे का कुणी?" सुवर्णा म्हणाली.

सिन्नरच्या एस.टी. ड्रायव्हरची ही मुलगी, या घरात सतरा वर्षं होती आणि चार माणसांत सहसा बोलत नसे.

"ताई, तुम्ही मंगळवारपासून रोज सकाळी माझ्या पायाला सुई टोचून बघता. टोचा. मला दुखतं आणि दुखतं म्हणून बरं वाटतं. माझे पाय उद्या जातील का, ते मला माहीत नाही. कशानं आले तेही माहीत नाही, त्यामुळे साक्षबिक्ष मी देणार नाही, राजदादा. पण चार वर्षं मी दर रविवारी माझं नाव ऐकलंय. आठवं नाव आलं की मी खुर्चीचे दांडे घट्ट धरायचे. उद्या मी चर्चला चालत जाणार आहे. चालत जाऊन मला ते ऐकायचं नाही. तुम्ही दिलंय, तुम्हीच काढू शकता."

सगळे प्रतिभाकडे पाहू लागले. साडेपाच वाजले होते. वाल्मीक सरांचं घर गल्लीच्या तोंडाशी, चालत चार मिनिटांवर.

प्रतिभाच्या पर्समध्ये चिठ्ठी होती. शुक्रवारी सकाळी तिनं ती लिहून ठेवली होती आणि तेव्हापासून ती पर्स जवळून हलू देत नव्हती. आत्या म्हणतात ते तिला पटत होतं. सुवर्णा म्हणते तेही पटत होतं. पण खरं कारण तिसरंच होतं आणि ते तिला आत्ता, या खोलीत, स्वच्छ दिसलं. सुवर्णा चालू लागली, तर पहाटे साडेपाचला उठायचं कुणासाठी? हे चार वर्षांचं काम हाच तिचा सगळा मान होता. शिवाय ही परत अंथरुणाला लागली, तर मेट्रन बाईला एवढंही कळलं नाही का, असं गाव म्हणणार. दोन्हीकडून तिचंच जाणार होतं. इतक्या वर्षांत तिनं स्वतःला इतकं लहान कधी पाहिलं नव्हतं.

"एक आठवडा निरीक्षण," ती म्हणाली. आवाज अगदी वॉर्डातला होता. "मग बघू."

सुवर्णानं कप गोळा केले आणि ट्रे घेऊन आत गेली. कुसाबाई तिच्या मागोमाग विसळायला गेली. सहा वाजले.

रविवारी सुवर्णा चर्चला चालत आली. घरापासून फाटकापर्यंत रोहित एका बाजूला, प्रतिभा दुसऱ्या बाजूला. पण तिनं कुणाचा हात धरला नाही. निळी साडी, केसांत शेवंती, पावलं सावकाश. फाटकापाशी लोक बोलायचे थांबले. कुणी 'सलाम' म्हणायला पुढे आलं, कुणी दोन पावलं मागे सरलं. एका म्हाताऱ्या बाईनं तर भिंतीचा आधार घेतला. लोकांना आनंद झाला होता आणि ते घाबरलेही होते, आणि यातलं आधी काय दाखवावं हे कुणालाच कळत नव्हतं. चार वर्षं जिची चाकाची खुर्ची बाकांच्या कडेला उभी असायची, ती आज चौथ्या बाकावर सगळ्यांसारखी आत सरकून बसली. प्रतिभाची मान ताठ झाली. भीती होती ती होतीच, पण ही आमच्या घरची, हेही तिला त्याच वेळी वाटत होतं.

वाल्मीक सर यादी घेऊन उभे राहिले. चष्मा नाकावर आला. चिठ्ठी आली नव्हती, त्यामुळे त्यांनी नेहमीचाच कागद आणला होता, आणि वाचताना ते कधी मान वर करत नसत. पहिलं नाव. प्रभू, आमची प्रार्थना ऐक. दुसरं. तिसरं. आठव्या नावाला शेजारी सुवर्णानं पुढच्या बाकाची पाठ धरली.

"सुवर्णा रोहित आढाव."

मंडळीनं उत्तर दिलं नाही. ज्यांनी सवयीनं सुरुवात केली त्यांनीही अर्ध्यात सोडलं. सर्वजण मान खाली घालून बसले होते आणि त्यांच्यामध्ये सुवर्णा उठून उभी राहिली. पुढच्या बाकाच्या पाठीवर बोटं टेकवून ती नुसती उभी राहिली, आपलं नाव वाचणाऱ्याकडे बघत. सरांनी मान वर केली, चष्मा काढला, परत लावला.

"मला चिठ्ठी नाही मिळाली," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी यादीच्या मध्येच दुसरा शब्द उच्चारला नव्हता. "मग हे नाव..."

प्रतिभाला सुवर्णाचा उजवा गुडघा साडीच्या आत थरथरताना दिसला. दुसऱ्या कुणाला तो कळला नसता. तिचा हात आपोआप पुढे गेला, धरायला, बसवायला. मागच्या बाकावर आक्काबाई आत्यांनी राजला विचारलं, काय झालं रे, कोण उभं आहे. रोहितनं डोळे मिटून घेतले होते. प्रतिभानं हात मागे घेतला.

मग ती उभी राहिली. आढावांच्या घरातल्या बायका चर्चमध्ये गाण्याला उभ्या राहतात आणि प्रार्थनेला गुडघे टेकतात. मध्येच उठून बोलण्याची रीत नाही.

"सर, ते नाव मी दिलं होतं. चिठ्ठी परवापासून माझ्या पर्समध्ये आहे, मी आणून दिली नाही. चूक माझी." तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला, कारण तो जन्मभर लांबच्या खाटेपर्यंत पोचवायचा आवाज होता. "ती चालते. कशानं, ते मला माहीत नाही. मी चार वर्षं तिच्याजवळ आहे, मी पाहिलंय, ती चालते. नाव काढा."

सरांनी खिशातून पेन काढलं. ते टोपण उघडत असताना प्रतिभानं मागे वळून आक्काबाईंकडे पाहिलं, आणि पुढचं वाक्य ती त्यांना ऐकू जावं म्हणून आणखी मोठ्यानं बोलली.

"आणि पुन्हा द्यावं लागलं, तर मीच घेऊन येईन."